दहा मैलांची कसोटी



मानवी स्वभावाविषयीच्या समजुती सामाजिक संस्थांना कसा आकार देतात, या विषयावर मी बोलावे असे आपल्या कार्यकर्त्यांनी सुचविले, तेव्हा प्रथम मी नकारच देणार होतो. विषय तत्त्वज्ञाच्या अधिकारातला आणि मी आयुष्यभर अर्थशास्त्राच्या मास्तरकीत गुंतलेला. परंतु गेल्या महिन्यात एका लग्नात माझा एक जुना विद्यार्थी भेटला आणि त्याच्या एका वाक्याने माझे मन बदलले. विद्यार्थी हुशार, आता द्राक्षबागाईतदार. पंगतीत तो म्हणाला, "सर, सरकारने फुकट धान्य देऊन माणसे आळशी करून टाकली. छाटणीला माणूस मिळत नाही." आजूबाजूच्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. पुरावा कोणी मागितला नाही. मागण्याची गरजच कोणाला वाटली नाही. पोटाला मिळाले की गरीब माणूस हात हलवीत नाही, ही गोष्ट सूर्य पूर्वेला उगवण्याइतकी उघड आहे, असेच सर्वांचे चेहरे सांगत होते.

ही समजूत आली कोठून, आणि तिच्या पायावर कोणत्या इमारती उभ्या राहिल्या, एवढ्यापुरताच आज विचार करू. सबंध मानवी स्वभावाचा ठाव घेण्याचा माझा दावा नाही. भुकेल्या माणसाला राज्यसंस्थेने अन्न किंवा काम द्यायचे ते कोणत्या अटींवर, हा एकच प्रश्न मी घेणार आहे. कारण माणसाविषयी आपण खरोखर काय समजतो ते आपल्या सुभाषितांत सापडत नाही. ते अटींमध्ये सापडते.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात पडलेला दुष्काळ आपल्या आजोबापणजोबांच्या आठवणीत होता. पुढे सरकारने नेमलेल्या दुष्काळ आयोगानेच ब्रिटिश मुलुखातील अधिक मृत्यूंचा अंदाज पन्नास लाखांच्या वर धरला. या दुष्काळात जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने सर रिचर्ड टेंपल यास पाहणीसाठी दक्षिणेत पाठविले. खर्च आवरणे हे त्याचे मुख्य काम होते. टेंपलने दुष्काळी कामावरील मजुराचा जो रोज ठरविला तो 'टेंपल मजुरी' या नावाने कुप्रसिद्ध आहे : दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर मीठमिरचीपुरते किरकोळ पैसे. दिवसभर माती वाहणाऱ्या धडधाकट पुरुषाला हे अन्न पुरणार नाही, असे मद्रासचा आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश कंठरवाने सांगत होता. मे महिन्यात मद्रासमध्ये तो रोज वाढवावा लागला. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

माझ्या दृष्टीने त्याहूनही बोलकी होती ती दुसरी अट. काम मागणाऱ्याने आपल्या घरापासून किमान दहा मैलांवरच्या कामावर गेले पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. गावाजवळ खोदण्याजोगे तळे नव्हते म्हणून नव्हे. उपाशी पोटाने, कडेवर मूल घेऊन जो इतके चालत येईल तोच खरा भुकेला, बाकीचे फुकटे, हे ओळखण्याची ती युक्ती होती. इंग्रजी कागदपत्रांत या अटीला 'कसोटी' असाच शब्द आहे. सोन्याची कस लावून परीक्षा करतात, तशी येथे भुकेची परीक्षा करावयाची होती.

मुंबई इलाख्यातील मजुरांनी या नव्या अटी मुकाट्याने सोसल्या नाहीत. हजारो लोक कामे सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज गेले. आपल्याकडील संपांच्या इतिहासात या प्रकरणाला मिळावयास हवे ते स्थान मिळालेले नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. पण पाहा, कसोटीची रचनाच अशी, की तिला हरविणे शक्य नसते. लोक कामावर आले, तर अटी सैल आहेत म्हणून आले. लोक निघून गेले, तर त्यांना गरज नव्हती म्हणून गेले. वाटेत कोसळून मेले, तर त्याची नोंद कसोटीच्या वहीत होतच नाही.

टेंपल हा निर्दय मनुष्य होता, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. याच टेंपलने १८७४ साली बिहार आणि बंगालच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून प्रचंड प्रमाणात तांदूळ आणविला, उदार हाताने वाटला, आणि मनुष्यहानी जवळजवळ होऊ दिली नाही. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली काय? उधळपट्टीबद्दल तो टीकेचा धनी झाला. तीन वर्षांनी मिळालेल्या दुसऱ्या संधीत त्याने आपली चूक सुधारली, आणि मे १८७७ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. एकाच माणसाचे दोन स्वभाव आपल्याला येथे दिसतात. त्यांपैकी कोणता वर यावा हे त्याच्या भोवतालच्या संस्थेने ठरविले.

आणि त्या संस्थेची समजूत पुस्तकांतून आलेली होती. १७८६ साली जोसेफ टाउनसेंड नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने गरिबांसाठीच्या कायद्यांविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. तीत एका निर्जन बेटावरील शेळ्यांची आणि त्यांना खाण्यासाठी सोडलेल्या कुत्र्यांची गोष्ट आहे. कोणाच्याही हस्तक्षेपाविना भूक दोन्हींच्या संख्येचा तोल सांभाळते. तीच भूक गरिबाला कामाला लावते. मग मदत देऊन भुकेचे काम का बिघडवावे, असा त्याचा युक्तिवाद. ही बेटावरची गोष्ट खरीच घडली की नाही, याविषयी पुढे रास्त शंका घेतल्या गेल्या. पण शेळ्याकुत्र्यांवरून माणसावर झालेली ती उडी मात्र अर्थशास्त्रात कायमची राहिली. कार्ल पोलान्यीने १९४४ साली आपल्या ग्रंथात या उडीचे मर्म उत्तम उलगडून दाखविले आहे. टाउनसेंडनंतर माल्थस आला. हा माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील विद्यालयात प्राध्यापक होता. हिंदुस्थानात कलेक्टर म्हणून येणारी तरुण मुले त्याच्यापुढे बसून अर्थशास्त्र शिकत. आपल्या तालुक्यातील दुष्काळी कामावर मजुराला किती जोंधळे द्यावयाचे, हे ज्यांनी पुढे ठरविले त्यांच्या पिढीचे शिक्षण या परंपरेत झालेले होते.

१८३४ साली इंग्लंडात नवा दरिद्री कायदा झाला. मदत घेणाऱ्याची स्थिती स्वतंत्र मजुरांपैकी सर्वांत हलाखीत असलेल्यापेक्षाही वाईट असली पाहिजे, हे त्याचे मुख्य तत्त्व. त्यासाठी अनाथगृहवजा कोठड्या उभारल्या गेल्या, नवराबायको वेगवेगळ्या दालनांत ठेवली गेली, मुले आईपासून तोडली गेली. कायद्याला आधार म्हणून जो जाडजूड अहवाल सादर झाला होता, त्याची छाननी मार्क ब्लाउग या अर्थशास्त्रज्ञाने १९६३-६४ साली केली. जुन्या कायद्यातील मदतीमुळे मजूर आळशी झाले हा त्या अहवालाचा निष्कर्ष, अहवालासाठी गोळा केलेल्या माहितीतूनच निघत नाही, असे त्याने दाखवून दिले. म्हणजे निष्कर्ष आधी, माहिती मागाहून. या दुरुस्तीला सुमारे एकशे तीस वर्षे लागली. आमचे शास्त्र या बाबतीत फार सावकाश चालते.

अर्थात त्या काळातही दुसऱ्या प्रकारे विचार करणारे होते. त्याच १८७७ साली महात्मा फुले आणि सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी अन्नछत्र चालविले. तेथे मैलांची कसोटी नव्हती. खुद्द सरकारलाही अनुभवाने थोडे शहाणपण आले. १९०१ च्या दुष्काळ आयोगाने लोकांची हिंमत खचण्यापूर्वीच तगाई देऊन त्यांना धीर द्यावा, असे सुचविले. भुकेच्या भीतीने नव्हे तर आशेने माणूस कामाला लागतो, ही कल्पना सरकारी दप्तरात तेव्हा चोरपावलांनी शिरली.

आता माझ्या आठवणीतील गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर खडी फोडण्याचे काम निघाले होते. माझी आत्या, दहाबारा एकर कोरडवाहू जमिनीच्या घरातली, कधी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला न गेलेली, पदर तोंडावर ओढून त्या कामावर जात असे. मिलोच्या लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव माझ्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. पाऊस पडताच ती आपापल्या शेतांकडे परतली. टाउनसेंडच्या हिशेबाने त्यांनी सुकडीला चटावून तेथेच बसावयास हवे होते.

या दुष्काळाच्या आधीपासूनच विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या मनात रोजगार हमीची कल्पना घोळत होती, आणि तासगाव तालुक्यात तिचा लहानसा प्रयोगही झाला होता. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. खर्चासाठी १९७५ पासूनच शहरातील नोकरदारांवर व्यवसायकर बसला होता. माझ्या पगारातून तो दरमहा कापला जात असे, आणि सहकारी प्राध्यापक त्याबद्दल कुरकुर करीत. या कायद्याचे वेगळेपण असे, की मजूर काम मागेल आणि सरकारने पंधरा दिवसांत ते दिलेच पाहिजे. न दिल्यास बेकारभत्ता. येथे गृहीतक उलटे झाले. काम नसलेला माणूस काम टाळतो आहे असे न धरता तो काम शोधतो आहे असे धरले गेले. सिद्ध करण्याचा भार त्याच्या खांद्यावरून सरकारच्या खांद्यावर आला. जगात अशा प्रकारचा कायदा तेव्हा दुर्मिळ होता, आणि त्याचा अभिमान मला आजही वाटतो.

पण अभिमान बाळगताना डोळे मिटू नयेत. जुन्या कसोटीचा एक तुकडा या कायद्यातही शिल्लक होता. काम अंगमेहनतीचेच, मोबदला मोजमापावर. पुढे जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी याच गोष्टीची वाहवा केली : काम कष्टाचे आणि मजुरी बेताची ठेवली की सधन आपण होऊनच दूर राहतात, गरीब शोधण्याचा खर्च वाचतो. मीही हे वर्गात फळ्यावर आकृती काढून कित्येक वर्षे शिकविले, आणि आकृती सुरेख जमली म्हणून खूशही झालो. १९८६ च्या सुमारास विद्यार्थ्यांना घेऊन एका पाझर तलावाच्या कामावर गेलो होतो. टोळीपासून जरा बाजूला एक म्हातारी नुसतीच बसून होती. तुम्ही का काम करीत नाही, असे एका विद्यार्थ्याने प्रश्नावलीतील क्रमांकानुसार तिला विचारले. ती म्हणाली, "मला आता टिकाव उचलत न्हाय, बाबा. मग भूक बी लागाया नगं व्हती." विद्यार्थ्याने पेन उघडून ठेवले होते, प्रश्नावलीत या उत्तरासाठी रकाना नव्हता. माझ्या आकृतीतही नव्हता.

२००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यात एक तरतूद होती, जी वाचताना मला टेंपलची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. काम शक्यतो मजुराच्या गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावे, त्यापलीकडे दिल्यास मजुरी दहा टक्के अधिक द्यावी. सोळा किलोमीटर चालण्याची सक्ती आणि पाच किलोमीटरपलीकडे चालण्याची भरपाई, या दोहोंमध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. अंतर मोजण्याची कल्पना तीच राहिली. मोजणाऱ्याची मजुराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, लहान मुले असतील तर त्यांना सांभाळणारी बाई, हे सर्व त्या कायद्यात लिहिलेले होते. प्रत्यक्षात किती ठिकाणी होते, हे आपण सर्व जाणतो.

त्यानंतर संशय पुन्हा मागच्या दाराने आला. १ जानेवारी २०२३ पासून त्या योजनेच्या कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोन वेळा मजुरांची छायाचित्रे पाठवून हजेरी लावणे सक्तीचे झाले. आडगावी मोबाइलला रेंज नसेल तर केलेल्या कामाचीही हजेरी लागत नसे. खोट्या हजेरीला आळा घालणे हा त्यामागील हेतू, आणि खोटी हजेरी होत होती हे मी नाकारीत नाही. बनावट मस्टर मी स्वतः पाहिले आहे. त्यावर मृत माणसांचे अंगठे होते. पण मित्रहो, अंगठा कोणी उठविला होता? खडी फोडणारीने की लेखणी धरणाऱ्याने? चोरी वरच्या अंगाला आणि झडती खालच्या अंगाला, असा हा प्रकार आहे. मोठा अधिकारी सकाळी कचेरीत आणि दुपारी पुन्हा कचेरीत आहे याचे छायाचित्र रोज दोन वेळा मंत्रालयात पाठविण्याचा नियम अजून कोणी सुचविलेला ऐकिवात नाही.

वस्तुतः आपल्या संस्था एक मानवी स्वभाव मानीतच नाहीत. त्या दोन मानतात. गरिबाला कामाला लावायचे तर कमी द्या. श्रीमंताला लावायचे तर जास्त द्या. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर तीस टक्क्यांवरून बावीसवर आला. त्याला 'प्रोत्साहन' म्हणतात. शिधापत्रिकेवरच्या तांदळाला 'रेवडी' म्हणतात. एकाला अधिक मिळाले की त्याचा उत्साह वाढतो, दुसऱ्याला मिळाले की आटतो. हे दोन्ही नियम एकाच पाठ्यपुस्तकात, पण दूरदूरच्या प्रकरणांत असतात, त्यामुळे परीक्षेत ते समोरासमोर येत नाहीत. गरिबांना रोख मदत देणाऱ्या सहा देशांतील सात प्रयोगांची एकत्र तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. अभिजित बॅनर्जी तिच्या लेखकांपैकी एक. मदतीमुळे लोकांनी काम कमी केल्याचा पद्धतशीर पुरावा तीत सापडला नाही. पंगतीतल्या मानांवर या असल्या संशोधनाचा परिणाम होतो असा माझा अनुभव नाही, पण नोंदवून ठेवतो.

समजूत केवळ संस्था घडविते असे नाही; संस्था माणूसही घडविते. १९८१ साली मार्वेल आणि एम्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामाईक निधीत आपल्याजवळचे पैसे किती घालता, असा तो खेळ होता. इतर गटांनी सरासरीने आपल्या पैशांचा निम्म्याच्या आसपास भाग निधीत घातला; अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सुमारे एक पंचमांश. ते मुळातच तसे होते की आमच्यासारख्यांनी त्यांना तसे केले, हा वाद आहे. माणूस स्वार्थी आहे असे पहिल्या प्रकरणात धरून चालणारे शास्त्र मी पस्तीस वर्षे शिकविले, तेव्हा या वादात मी तटस्थ आहे असे म्हणणे शोभणार नाही.

आपल्या बाजूच्या मंडळींनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती रुचो न रुचो. संशय हा केवळ भांडवलशाहीचा रोग नव्हे. सोव्हिएत रशियात ऑगस्ट १९३२ चा कायदा सामुदायिक शेतावरील कणसे खुडणाऱ्या उपाशी माणसालाही चोर ठरवीत होता. चीनमध्ये पिकाचे आकडे फुगवून सांगितले गेले आणि गोदामात तेवढे धान्य येईना, तेव्हा १९५९ साली शेतकऱ्यांनी ते दडविले आहे असे ठरवून घरोघर झडत्या झाल्या. धान्य नव्हतेच. झेंडा निराळा, पण उपाशी माणूस खोटे बोलतो हे गृहीतक टेंपलचेच. नवा मानव घडविण्याची भाषा करणाऱ्यांनीही समोरच्या जुन्या मानवाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही.

आता त्या विद्यार्थ्याकडे परत जातो, कारण त्याला मी पंगतीतच उत्तर दिले होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. दिवसाचे झाले एकशे सदुसष्ट ग्रॅमच्या आत. टेंपलने एक पौंड दिला होता, साडेचारशे ग्रॅम. आणि त्याला आपण इतिहासाच्या पुस्तकात क्रूर म्हणतो. मी त्याला म्हणालो, "अरे, एकशे सदुसष्ट ग्रॅमने आळशी होणारा माणूस मला एकदा दाखव, मी त्याच्यावर प्रबंध लिहीन." तो हसला, पण हटला नाही. "मग माणसे गेली कुठे, सर?" हा प्रश्न खरा होता आणि त्याचे हसे करण्याचे कारण नव्हते, त्याचे घड उशिराच्या छाटणीने हातचे जात होते. मी विचारले, छाटणीला रोज किती देतोस? त्याने आकडा सांगितला. पुण्यात इमारतींच्या कामावर त्याच माणसांना काय रोज मिळतो, ते विचारले. तोही आकडा त्याला तोंडपाठ होता. थोडा वेळ तो ताटाकडे पाहत राहिला, आणि मग वाढप्याला त्याने मठ्ठा आणावयास सांगितले.